नवव्याचा खालचा अर्धा

मंगळवार, गुरुवार, शनिवार.
चार तास रक्त बाहेर जातं, धुऊन परत येतं.
चार तास म्हणजे एक लांबलेला सामना,
म्हणून आम्ही तोच खेळतो
खुर्च्यांत पडल्या पडल्या, नळ्या न हलवता.

सुरुवात क्लेटसची. नेहमी त्याचीच.
"अठ्ठावन्न सालचा सप्टेंबर. आपले हेरन्स सात-एक मागे.
नववा डाव, दोन बाद,
आणि फलकावरच्या पोरानं आपल्या नावापुढं
शून्य आधीच टांगून ठेवलेलं."
"टांगलं नव्हतं," अर्लीन म्हणते, "हातात धरलं होतं.
माझा भाऊच होता तो.
त्याला घरी जायची घाई, बाकी काही नाही."

मग एक फुकटचा बेस.
मग शॉर्टस्टॉपच्या दोन पायांमधून सुटलेला चेंडू.
मग एक कुचकामी फटका,
ओल्या मोज्यासारखा मध्येच कुठंतरी पडलेला.
सात-दोन. सात-चार.
क्लेटसचं बीपी चढतं, यंत्र किंचाळतं,
मारिवेल येऊन बटण दाबते.
ती इलोइलोची, तिला फक्त बास्केटबॉल कळतो.
"आज तरी हरणार आहात का?" विचारते.

नाही. कारण तिन्ही बेस भरलेत
आणि बॅट घेऊन येतोय ड्यूई ओस्टरहाउट,
ज्याच्या बॅटीला तीन आठवडे चेंडूचा वासही नव्हता.

क्लेटसचा चेंडू डाव्या भिंतीवरच्या घड्याळावर आदळतो,
नऊ बावन्नला काटे थांबतात ते थांबतातच.
अर्लीनचा चेंडू भिंतीपलीकडे
कोळशाच्या मालगाडीत पडतो
आणि रात्रीतून व्हर्जिनियाला जातो.
आठ-सात. नव्हत्याचं होतं झालं.

त्या मैदानात खुर्च्या सहा हजार.
"मी होतो तिथं" असं शपथेवर सांगणारे
मला एकट्यालाच भेटलेत त्याहून जास्त.

"आता आवाज सांग, वाल्डो," अर्लीन डोळे मिटून म्हणते.
आवाज मी चांगला सांगतो.
आवाज सोडून माझ्याकडं आहेच काय?

आम्ही आठव्या डावात उठलो होतो.
बापाची काच कारखान्यात साडेदहाची पाळी,
मी नऊ वर्षांचा, शेंगदाण्यांची पुडी अर्धी,
पाय ओढत पुलावर निघालेलो.
पहिल्या आरोळीला तो म्हणाला, "कुणीतरी बेसवर गेलं."
दुसरीला थांबला.
तिसरीला डबा खाली ठेवला
आणि कठड्यावर बोटांनी हिशेब मांडू लागला,
मैदानाकडं तोंड, नदीकडं पाठ.
खालून एक बार्ज दिवे लावून चाललं होतं, त्याला काही पत्ता नव्हता.

मग आला तो.
आधी लोखंडातून, माझ्या तळहातात,
मग हवेतून.
बापानं टोपी काढली,
जी चर्चच्या दारातही त्याला आठवण केल्याशिवाय निघायची नाही.
त्याचं तोंड तेव्हा कसं होतं
ते मला सांगता येतं, पण इथं कुणी विचारत नाही.

पाळी चुकली. अर्ध्या दिवसाचा पगार कापला.
घरी आईला तो म्हणाला, "पाहिला आम्ही. शेवटपर्यंत."
माझ्याकडं बघितलं.
मी मान डोलावली.
पासष्ट वर्षं झाली, डोलतेच आहे.

एकदा मारिवेलला सांगून टाकलं,
क्लेटस घोरत होता तेव्हा.
सुई काढता काढता ती म्हणाली,
"म्हणजे तुम्ही जिंकलात हे तुम्हाला
तुमच्या वडिलांच्या बोटांवरून कळलं?"
आणि कापसाचा बोळा दहा मिनिटं दाबून धरायला सांगून
पुढच्या खुर्चीकडं गेली.

मी दाबून धरलाय.
बाहेर व्हॅन येऊन उभी. क्लेटस कोटाची बाही शोधतोय,
दारातून ओरडतो, "घड्याळच होतं ते!"
"मालगाडी," अर्लीन म्हणते, मागं न बघता.