सोमवारचा खेळ

हरकरे साहेबांचा हँडिकॅप चोवीस.
बॅग माझ्या खांद्यावर,
मोजणी माझ्या खिशात:
एक फटका, एक चिंचोका.
चिंचोके सतराच्या वर बोलत नाहीत.
पण कार्ड जमा करायचं असलं की
हातभरावरचा चेंडू भोकाला वळसा घालून जातो,
साहेब कपाळावर हात मारतात.
छान मारतात.

सोनटक्के मास्तर बाभळीमागून ओरडले,
"आठ लिहा, एक हुकला!"
कोणी पाहिलंच नव्हतं.
मास्तर कधी जिंकले नाहीत.

चषकाच्या दिवशी साहेबांनी पाचशे दिले.
घेतले मी.

सोमवारी कामठीचं मैदान आम्हा कॅडींचं.
"तुझा किती बे, गुणवंता?"
आहे नऊ.
"बारा," म्हटलं,
आणि खिशात हात घातला,
चिंचोके वाजू नयेत म्हणून.