थोडं राहिलंय

घासू नको, मी म्हणालो, टिप.
तोवर तिनं घासलं होतं,
तेही गरम पाण्यानं,
आणि विमटोचा तो एक पेला
हातभर पसरून
गालिच्याच्या पार मुळापर्यंत उतरला होता.

मुहर्रकच्या त्या गल्लीत व्हॅन शिरत नाही.
मशीन, नळी, दोन बादल्या
मी खांद्यावरून आणल्या, मागच्या दारानं.
मालकीण रिफ्याला बहिणीकडे गेलेली,
इफ्तारच्या तोफेआधी परतणार.
सव्वादोन तास.
सुमनावतीनं कंपनीत फोन केला नव्हता,
मला केला होता.
गेल्या वर्षीच्या पावतीमागे लिहिलेला माझा नंबर
तिनं डाळीच्या डब्यात जपून ठेवला होता.

तिला मराठी येत नाही, मला सिंहली.
मोडक्या अरबीत, उरलेल्या हिंदीत सांगत होतो:
कडेकडून आत यायचं,
आतून बाहेर गेलीस तर डाग पाय पसरतो.
गार पाणी. मग चमचाभर व्हिनेगर.
फडकं पांढरंच घे, रंगीताचा रंग याला लागतो.
दाबायचं. उचलायचं. फडक्याची कोरी बाजू.
पुन्हा दाबायचं.
कोंबडी दाणे टिपते तसं, असं म्हणायचं होतं,
अरबीत कोंबडी आठवेना,
मग बोटांची चोच करून दाखवली.
ती हसली,
आणि त्याच फडक्यानं डोळे टिपायला गेली.
अगं, व्हिनेगर आहे!

साडेचारला लाल गेलं.
पाचला जांभळं.
मग गुलाबी आलं आणि ते बसूनच राहिलं,
जेवायला थांबलेल्या पाहुण्यासारखं.
बारा वर्षांत
कॉफी काढली, मेंदी काढली,
बखूरच्या निखाऱ्यानं जळलेलं कातरून, विंचरून दडवलं,
एका लग्नघरात बोकडाचं रक्त
मिठाच्या गार पाण्यानं काढलं.
साखर मात्र चिवट.
आणि गरम पाणी लागलेली साखर –
ते मी तिला सांगितलं नाही.

दिसतं का? तिनं दारातून पाहिलं,
मग मालकिणीच्या सोफ्यापाशी जाऊन,
बसायला धजली नाही, नुसती वाकून.
मी बसून पाहिलं.
दिसत होतं.
दोघांनी मिळून पितळी टेबल वीतभर सरकवलं.
त्याच्या जुन्या पायांचे चार खळगे
वाफेनं, चमच्याच्या दांड्यानं
एकेक लोकर उचलून उभे केले.
हे कंपनीत शिकवत नाहीत.

रुमालाची गाठ सोडून तिनं तीन दिनार धरले.
मी दोन घेतले.
एकही घ्यायला नको होता, हे
पुलावर व्हॅन चढल्यावर सुचलं,
तोवर तोफ झाली होती.
खिशातला खजूर तोंडात टाकला.
व्हिनेगरचा वास त्यालाही.

रात्री मनामाच्या खोलीत
नखांत अजून गुलाबी होतं.
दाभोळला फोन लावला.
सबाहतला विचारलं,
पतपेढीतला डाग सुटला का गं?
दोन पाटल्या,
पोरीच्या फीपायी ठेवलेल्या.
पलीकडे पंख्याचा कुरकुर आवाज,
मग ती म्हणाली, एक सुटली.
दुसरीचं थोडं राहिलंय.

निघेल, मी म्हणालो.

निघेल काय, ती म्हणाली,
सुटेल म्हण.