निवेपर्यंत

ओगुलनबातच्या घरी ज्याची त्याची वेगळी किटली.
पाहुण्याचीही. माझीही,
आरोग्यकेंद्राची बाई मी, पिशवीत थर्मामीटर,
घड्याळ, आणि एकशेबारा प्रश्नांची वही.
गोंबदच्या उत्तरेला, गहू संपून कपाशी लागते
तिथलं हे आजचं तिसरं घर.

प्रश्न नववा: चहा ओतल्यावर किती वेळाने पिता?
"वेळाने म्हणजे?"
ती प्याला उचलते, वाफेसकट संपवते.
तंदुराच्या पोटात हात घालून
चाळीस वर्षं रोट्या थापलेली बोटं,
त्यांना चटका कळायचं कधीच थांबलं.

माझ्या प्याल्यात मी पारा बुडवते. बहात्तर.
वहीत बहात्तरला जागा नाही.
'सत्तरच्या वर' असा एक चौकोन आहे, त्यात फुली.

प्रश्न दहावा: घरात कुणाला अन्ननलिकेचा...
"अमानगेल्दी," प्रश्न पुरा व्हायच्या आत.
"आधी रोटी अडली.
मग चहात बुडवलेली रोटी.
मग भात, मग भाताचं पाणी.
शेवटी चहाच तेवढा उतरायचा,
म्हणून मी तो आणखी कढत देत गेले.
वाटलं, गरम असला की वाट करेल."

हे कुठल्या चौकोनात लिहू?

कपाशीवर काय फवारायचात?
"औषध."
कुठलं? नाव?
"नाव कुणी वाचलंय. पिंपावर कवटी होती.
पिंप मात्र चांगलं निघालं, निळं, घट्ट झाकणाचं.
तीनदा धुतलं, राखेनं घासलं.
सहा उन्हाळे त्यात उंटिणीचं दूध आंबवलं."
ती परसाकडे बोट दाखवते.
पिंप अजून आहे. त्यात आता कोंबड्यांचा कोंडा.

एवढ्यात थोरले दीर येतात, नुरबेर्दी, वय एक्याऐंशी,
टोपी काढून गुडघ्यावर ठेवतात.
"लिही, मी याच्याहून कढत पितो.
तेच पिंप, तीच कपाशी. मग मी कसा?"
प्रशिक्षणात मला यासाठी एक शब्द दिला होता.
तो मी गिळते.
"आजोबा, पुरात नदी सगळीच घरं नेत नाही."
"म्हणजे तुलाही माहीत नाही."
"कुठलं घर नेईल, ते नाही माहीत.
पण काठापासून चार पावलं लांब बांधावं,
एवढं माहीत आहे."
ते टोपी घालतात. पटलं की नाही, कळत नाही.

मग मी छापील सल्ला वाचते:
ओतल्यावर चार मिनिटं थांबा.
"चार मिनिटं मी करू काय?"

तरी नवा प्याला भरून ती समोर ठेवते,
कुणाचं तरी मूल सांभाळायला घ्यावं तशी
नजर न काढता बसते.
पहिलं मिनिट नुसतं.
दुसऱ्यात ती सांगते, अमानगेल्दीनं घोडा विकला
त्या रात्री तो जेवला नव्हता,
आणि तिला वाटलं होतं, घोड्यामुळे.
तिसऱ्यात ती काही बोलत नाही.
मी घड्याळाकडे बघायचं विसरते,
पाच होऊन जातात.

घोट घेते. तोंड वाकडं करते.
"बेचव. पाणी झालं याचं."
तरी पिते, तळापर्यंत.
पुन्हा ओतते. पुन्हा वाफ.
प्याल्याकडे गेलेला हात
अर्ध्यावर थांबवून मला विचारते,
"ते घड्याळ सरकारी आहे का गं?"