बाविसावं की तेविसावं

मिरजेच्या मिशन दवाखान्यात, जिथं चाळीस वर्षं
बाबा कंपाउंडर होते, तिथंच ते आता पडून.
डोळे मिटलेले, ओठ हलायचे.
प्रार्थना नव्हती ती. सलाइनचे थेंब मोजत होते.

आईच्या मांडीवर जुनं पवित्र शास्त्र,
पाठीला खाकी पट्टी, पानांना कापराचा वास,
वाक्यं इतकी लांब की मध्येच दम लागावा.
ती म्हणाली, तेविसावं वाचते.
सासूबाईंनी चष्मा पुसला. त्यांच्या पुस्तकात
तेच स्तोत्र बाविसावं.
माझ्या लग्नात जे बोलायचं राहिलं होतं
ते सगळं त्या एका आकड्यात येऊन बसलं.

"तुमच्यात पुस्तकंच जास्त," आई.
"तुमच्यात कमी," सासूबाई,
आणि आमच्यात नसलेल्या एका पुस्तकातली गोष्ट त्यांनी काढली,
पोरानं माशाचं पित्त लावून
बापाचे डोळे उघडले ती.
आई ऐकत नसल्यासारखं करून
सगळं ऐकत होती.

धाकटा एलिया मोबाइलवरून वाचायचा,
त्याच्या नव्या मंडळीची सोपी भाषा,
शाळेच्या नोटिशीसारखी स्वच्छ.
"आई, तुझ्यात 'आकडी' काय गं?
देवाच्या हातात फिट?"

बाबा हसले. पंधरा दिवसांत पहिल्यांदा.
औषधाच्या बाटलीवरचं एक अक्षर चुकलं
तर रात्रभर न झोपणारा माणूस,
म्हणाला, "आकडी धनगराची.
तिनं बाभळीची फांदी वाकवायची,
शेंगा शेरडांपुढं पाडायच्या.
माझी आजी जतची. अक्षरशत्रू.
कुणा उपदेशकाकडनं एकदा ऐकलं
आणि जन्मभर म्हणत राहिली,
देव माझा धनगर हाय,
मला कायबी कमी पडू देत न्हाई,
बाभळीच्या सावलीत बसवतो मला."

"हिरवी कुरणं, बाबा," एलिया म्हणाला.
"कुरण? जतमध्ये?"

मी विचारलं, आजीचं कितवं होतं?
"तिला आकडे येत नव्हते."

आईचं बोट तेविसाव्यावर राहिलं,
सासूबाईंचं बाविसाव्यावर.
वाचलं कुणीच नाही.
सिस्टर आली, बाटली बदलून गेली,
आणि बाबा पुन्हा
एकपासून मोजायला लागले.