दगडफूल

खोलीत मी होते. आणि मांजर.
मिसेस ट्रेल त्या आठवड्यात दाढ काढायला
कर्कवॉलला गेल्या होत्या,
आणि आता त्यांच्या पत्रकात छापून आलंय
की डॉक्टर इस्बिस्टरांनी त्यांचा हात धरला,
ढसाढसा रडले,
म्हणाले, आयुष्यभर चुकलो.

पाणी यायचं डोळ्यांतून, ते खरं. खोकल्यानं.
मीच टिपायची फडक्यानं.

चाळीस वर्षं हा माणूस चर्चच्या आवारात यायचा,
रविवारी नव्हे, मंगळवारी.
गुडघ्यांखाली गोणपाट घालून
थडग्यांवरची दगडफुलं मोजायचा.
मरणाचं साल कोरलेलं असतं ना, जेसी,
म्हणजे फूल त्याहून म्हातारं नाही.
किती नीट नोंदी ठेवतात हे लोक माझ्यासाठी!
लांबून बघणाऱ्याला वाटायचं, प्रार्थना चाललीय.

प्रार्थना मी करते. रोज.
त्या रात्रीही केली, मोठ्यानं, उशाशी बसून.
आमेन झाल्यावर म्हणाले,
आवाज चांगला आहे तुझा. आता ती हिरवी वही वाच.
मी आकडे वाचत गेले,
ते पांघरुणावर बोटानं ठोका देत होते
एकेका दगडाला.
सत्तावन्नाव्याला ठोका पडला नाही.
मी आणखी तीन वाचले, मग मान वर केली.

आणि हेही सांगायलाच हवं:
वाक्य माझंच होतं.
सकाळी धक्क्यावर कुणीतरी विचारलं, शेवटी काही मागितलं का?
मी म्हटलं, पुस्तक.
वही म्हणायला हवं होतं.
आमच्या बेटावर पुस्तक म्हटलं की एकच.
माशांच्या पाट्यांपासून टेकडीपर्यंत चढता चढता
त्याला काळं कातडं चढलं, सोनेरी कडा आल्या,
वर मिसेस ट्रेलांचा हातही आला.

पाद्रीबुवांकडे गेले. म्हटलं, असं झालं नाही.
ते म्हणाले, चार जीव वाचत असतील एका गोष्टीनं, तर वाचू देत.
मी विचारलं, खोट्या साक्षीची आज्ञा नववी ना?
ते चहात साखर ढवळत राहिले.
ते साखर घेत नाहीत.

मला नको होतं का ते खरं असायला?
वर गेल्यावर एक तरी ओळखीचा माणूस भेटला असता,
ज्याला चहा किती कडक लागतो हे मला माहीत आहे.
पण मागितली ती वही.

वर्गणी काढून दगड उभारला त्यांनी,
त्यावर कोरलं: अखेर तो घरी आला.
यंदा त्या ओळीखाली करडा ठिपका दिसतोय,
टाचणीच्या डोक्याएवढा.
ओळ वीस इंच. दोन्हीकडून मिळून
वर्षाला अर्धं सूत.
तीनशे वीस वर्षं. हिशोब दोनदा करून पाहिला.

मी मंगळवारी जाते.
गोणपाट त्यांचंच आहे, गुडघ्यांच्या जागी विरलेलं.
येणारे-जाणारे टोपी काढतात,
त्यांना वाटतं,