उजवा कान

तारकर्लीला समुद्राखाली गेलो तेव्हा
मला सर्दी होती, हे कुणाला सांगितलं नाही.
अश्फाकने पैसे भरलेले, ते परत मिळणार नव्हते,
आणि भाच्याने "मामू, घाबरलात?" म्हणावं
हे पन्नाशीतल्या मिरजकराला परवडत नाही.

होडीवर केळुसकर नावाच्या पोराने सगळं शिकवलं.
नाक चिमटीत धरा, हळू फुंका.
कान दुखला तर पंजा असा हलवा, कानाकडे बोट दाखवा.
अंगठा वर म्हणजे वर चला.
अंगठा-तर्जनीचा गोल म्हणजे सगळं ठीक.

दोन पुरुष खोलीवर
उजव्या कानात कुणी तरी खुंटी पिळायला लागलं,
षड्जाच्या पुढे,
तार तुटते त्याच्याही पुढे.
नाक दाबलं, फुंकलं. काही सरकलं नाही.
काचेआडून केळुसकरने भुवया उंचावल्या.
मी गोल दाखवला.
ज्या दोन बोटांत तीस वर्षं जवारीचा दोरा धरला
त्याच बोटांनी खोटं बोललो.

मासे फार सुंदर होते म्हणे. व्हिडिओत आहेत.

फोंडाघाटात अश्फाकने लिंबाची गोळी दिली,
चोखा, गिळा, जांभई द्या.
राधानगरीच्या अलीकडे डावा कान फटकन सुटला.
उजवा तसाच,
कुणी आतून कणीक थापल्यासारखा.

मिरजेत दवाखान्यांना काय तोटा!
अख्खा कर्नाटक इथे बरा व्हायला उतरतो,
आणि मला गल्लीतून दोनशे पावलं जायला चार दिवस लागले.
कुरुंदवाडेबाईंनी दिवा घालून बघितलं.
पडदा शाबूत आहे. मागे पाणी साचलंय, थोडं रक्तही.
नाक जोरात शिंकरायचं नाही.
कानात थेंब पाणी नको, तेल तर मुळीच नको.
विमानात बसायचं नाही.
(विमान! मी सांगलीलाही एसटीने जातो.)
"नळी आपली आपण उघडेल. महिना, दीड महिना.
धंदा काय करता?"
तंबोरे, म्हणालो. जवारी काढतो.
बाईंचं पेन कागदावरच थांबलं.

मंगळवेढ्याचा भोपळा टिचकीला बोलतो,
तो आता भिंतीसारखा गप्प.
घोडीवर कानस फिरवायची ती केसाइतकी,
मग ऐकायचं, मग पुन्हा केसाइतकी.
कानस हातात होती. कान नव्हता.
रात्री मूठभर भडंग तोंडात टाकला
तर डोक्यात खडी फोडल्याचा आवाज.
बाहेरचं जग पलीकडच्या काठावर,
आणि माझाच जबडा
माझ्या उशाशी.

धारवाडच्या बाईंचे दोन तंबोरे अडकलेले.
नसीमा म्हणाली, अब्बा, मी बघू?
तिला भोपळे घासू दिले होते, पॉलिश करू दिलं होतं.
घोडी कधीच दिली नव्हती.
का नाही दिली, ते कुणी विचारलं नाही
म्हणून मला सांगावंही लागलं नव्हतं.
ती ऐकायची, मी तिचा चेहरा बघायचो.
खर्ज लागला की तिचा डावा डोळा बारीक होतो,
हे मला बहिरेपणात कळलं.

सदतिसाव्या दिवशी, चहा पिताना,
आत बारीकसं काही तरी उचकटलं,
साबणाचा फुगा फुटावा इतकंच.
पहिल्यांदा ऐकू आला तो नळ. मग शेजारचा मिक्सर.
मग माडीवरून तिची जवारी.

माझ्यासारखी नव्हती.
जरा उघडी, जरा तिखट, पंचमाला कडेला ऊन लागलेलं.
कानस घेऊन जिना चढलो,
चौथ्या पायरीवर उभा राहून पुन्हा ऐकलं.
बाईंना हीच आवडली, तार करून कळवलं नाही, फोन आला;
पण तो नंतर.

मी पायरीवरच बसलो.
ती हाक मारून म्हणाली, अब्बा, ठीक आहे का?
ती माडीवर, मी जिन्यात, तिला दिसणार नव्हतं,
तरी अंगठा आणि बोट जुळायला लागले होते.
हात खाली घेतला.
"थांब," म्हटलं, "अजून एकदा छेड."