पहिला अर्धा तास फुकट

बॅलरॅटच्या इस्पितळाचं पार्किंग, खालचा मजला.
माझी खुर्ची, माझा हीटर, माझा लाल-पांढरा दांडा:
बटण दाबलं की वर, सोडलं की खाली.
एकोणीस वर्षं.

आधी वाटायचं, लोक वाट चुकतात.
गाडी येते, इमर्जन्सीच्या दाराजवळची जागा धरते,
इंजिन बंद, आणि कुणी उतरत नाही.
मागच्या सीटवर कुणीतरी वाकलेलं,
काचेवर आतून चढत जाणारी वाफ.
एकदा टॉर्च घेऊन गेलो, जरा ताठ्यातच.
आत टॅम्सिन, नाव मागाहून कळलं,
मांडीवर सहा महिन्यांचं बाळ,
चमच्याच्या टोकाला शेंगदाण्याचं लोणी,
अंगावरच्या दुधात पातळ केलेलं.
म्हणाली, "दहा मिनिटं झाली. अजून वीस थांबते.
काही झालंच, तर ते दार चाळीस पावलांवर आहे.
मोजून आलेय."

ही एकटीच नव्हती.
मंगळवारी अंडं, घट्ट उकडून कुस्करलेलं.
गुरुवारी तिळाचं वाटण.
एका बापाने काजूचा लगदा आणला होता औषधाच्या बाटलीतून;
बाळ खुशाल, ह्याची पाचावर धारण,
जुलैच्या गारठ्यात कपाळावर घाम.

नर्स डेल्फीन चहाला आली की वैतागते:
"सांगून दमले रे. घरी द्या, सकाळी द्या,
बाळ बरं असताना द्या, एका वेळी एकच नवं.
अख्खा दाणा नको, घशात अडकतो.
अंगावर इसब फार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.
बाकीच्यांनी इथं कशाला यायचं?"
मग कप ठेवत म्हणते, "पण येऊ देत.
वर्षाच्या आत चाखलं म्हणजे झालं.
आणि एकदा चाखवून सोडू नये, देत राहावं."

वर्षाच्या आत.
मी कप धुतो. बराच वेळ धुतो.

आमच्या वेळी कागदावर होतं: तीन वर्षं नको.
फ्रिजवर, लिंबाच्या आकाराच्या चुंबकाखाली.
मी शब्द पाळला. बरणी शेजाऱ्याला दिली,
बिस्किटांच्या पुड्यांची मागची बाजू वाचायला शिकलो,
आणि रोवेनाच्या तिसऱ्या वाढदिवसाच्या दुसऱ्या सकाळी
टोस्टवर पातळ थर लावून दिला,
बक्षीस दिल्यासारखा.
आधी ओठ सुजले. मग डोळे.
मग तो आवाज,
जो मी कुणाला काढून दाखवत नाही.

वाचली. अजून पर्समध्ये पेन बाळगते,
लिहायचं नव्हे.
आता म्हणतात, उलट करायला हवं होतं.
डेल्फीन म्हणते, तरीही तसंच झालं असतं कदाचित.
मी मान हलवतो.
कागद लिहिणाऱ्यांवर रागवावं, तर
तेही जपायलाच सांगत होते.

परवा तिचा फोन.
"डॅड, तुझ्या पार्किंगमध्ये जागा आहे?"

चमचा तिच्या हातात चालणार नव्हता.
ती काचेबाहेर उभी, लोकरी टोपी, हातमोजे,
आत मी आणि सात महिन्यांचा एम्रिस.
तो चमच्याकडे बघतोय, मी त्याच्या ओठांकडे.
माझा हात लटपटला, सीटवर थेंब पडला.
त्याने जीभ लावली, तोंड वाकडं केलं,
मग अख्खा चमचाच मागितला, दोन्ही हातांनी.

दहा मिनिटं. वीस.
ती काच पुसते, तिच्याच श्वासाने ती पुन्हा धुरकट होते.
पंचविसाव्या मिनिटाला तो शिंकला.
आम्ही दोघं दचकलो, काचेच्या अलीकडे-पलीकडे,
आणि तो खदखदून हसला.

मी त्याचं तोंड पुसलं, साबणाने तीनदा हात धुतले,
कोट बदलला. तेव्हा कुठे तिने त्याला घेतलं.
पापा मात्र उद्यावर ठेवला.

दांड्यापाशी तिकीट सरकवलं: एकावन्न मिनिटं.
पहिला अर्धा तास फुकट, पुढचे चार डॉलर.
बटण माझंच होतं.
मी खिशातून नाणी काढली,
मोजली,
भरली.